कपडे धुणारी व्यक्ती

३ फेब्रुवारी

धाकटीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या मनात पहिला प्रश्न येईल, कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. निवांत बसून वाच.

यांच्या आजाराचं निदान झालं. ॲस्बेस्टॉस. कारखान्यात पाइप कापताना जी पांढरी धूळ उडायची, ती एवढी वर्षं छातीत बसून होती, आता तिने पाय पसरले आहेत. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. फुप्फुसांचा धडा मी आयुष्यभर शिकवला, पण माझ्या फळ्यावरची फुप्फुसं आणि ही, यांची ओळखसुद्धा पटत नाही. चार पावलं चालले की हे भिंतीला हात लावून थांबतात. स्वभाव तोच. करवतीपाशी उभं राहून कान गेलेले, त्यामुळे ओरडून बोलायची सवय. आता ओरडायला श्वास पुरत नाही. म्हणतात, "घरात शांतता हवी होती ना तुला? घे."

अशा कामगारांसाठी सरकारने भरपाईची योजना काढली आहे. कारखाना केव्हाच बंद पडला, मालकांचा पत्ता नाही, म्हणून सरकार देतं. अर्ज मी केला, खेटे मी घातले. मंजूर झाला. दरमहा रक्कम येते, औषधं मिळतात, आणि ऑक्सिजनचं एक मशीन पलंगाशेजारी आणून बसवलं आहे. ते दिवसभर म्हाताऱ्या मांजरासारखं घुरघुरत असतं. मध्यंतरी चौकशीसाठी एक तपासनीस मुलगी घरी येऊन गेली. तिने विचारलं, मी सांगितलं. तो विषय संपला.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तू छातीचा एक्स-रे काढून घे. तुझ्याकडे सरकारी दवाखान्यात होतो. आपल्या वयाच्या सगळ्यांनीच काढावा. उगाच फाटे फोडत बसू नकोस.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकटीस,

पोस्टकार्ड मिळालं. चार ओळींत तीन टोमणे आहेत, म्हणजे प्रकृती बरी असावी असं मी धरून चालते. "इतक्या वर्षांनी पत्र आलं, तेही डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं," असं लिहिलं आहेस. मला गोडगोड लिहिता येत नाही, हे तुला नवीन नाही.

खोकला आहे असं एका ओळीत लिहितेस आणि दुसऱ्या ओळीत तो कापडाच्या तंतूंमुळे आहे असं स्वतःच ठरवूनही टाकतेस. शिवणाचं दुकान चालवतेस, दवाखाना नव्हे. मीही खडूच्या धुळीत जन्म काढला, मला खोकला नाही. तेव्हा तंतूंवर ढकलू नकोस.

"मलाच का," असं विचारलं आहेस. सांगते. तू आमच्याकडे राहून कॉलेज करत होतीस, तेव्हा काही दिवस यांच्या कामावरच्या अंगभर डांगऱ्या धुतल्या होत्यास. मागच्या गॅलरीत आधी झटकायचीस, मग भिजवायचीस. न झटकता भिजवल्या तर धुळीचा लगदा होऊन मोरी तुंबायची, म्हणून. आता डॉक्टर सांगतात की कामगाराने घरी आणलेल्या कपड्यांतूनही हा आजार जातो. काही दिवसांनी काही होत नसतं, तरी खात्री केलेली बरी. शिवाय गॅलरी मोकळीच होती. दार तेवढं वाऱ्याने लागायचं.

तू यांची डांगरी अंगात घालून, बाह्या लोंबत्या सोडून, यांच्यासारखी खेकसत घरभर फिरायचीस आणि आमचं बाळ हसून हसून जमिनीवर लोळायचं, ते हे अजून आठवतात. परवा म्हणाले, "त्या पोरीला माझी नक्कल माझ्यापेक्षा चांगली यायची."

तू नापास झालीस त्या दिवशीचं मी काढत नाही. तूही काढू नकोस.

एक्स-रे काढ.

ताई

१४ मार्च

धाकटीस,

तीन आठवड्यांत उत्तर नाही. रागावली असशील, नाहीतर दुकानात लगीनसराईची गर्दी असेल.

माझाही एक्स-रे झाला. घरातल्या माणसांचा करतात, म्हणून कार्यालयाने बोलावलं होतं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला डॉक्टर होता, आपल्या बाळाच्या वयाचा. फोटो बघत बघत म्हणाला, "आजी, एवढ्या धुळीत हात घातलात तुम्ही, पण फुप्फुसं कॉलेजातल्या मुलीसारखी स्वच्छ आहेत. नशीब बलवत्तर."

त्याला वाटलं मला आनंद होईल. मी फोटोचं पाकीट घेतलं आणि जिना उतरले. बाहेर बाकावर एक बाई बसली होती, तिने विचारलं, "काय आलं हो?" मी म्हटलं, "अजून कळायचंय." असं का म्हटलं, कोण जाणे. तपासणीत पास झाल्याची चोरी वाटावी अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

तुझा फोटो काढलास का? एका शब्दात कळव.

ताई

५ एप्रिल

धाकटीस,

काल तुझ्या लेकीचा फोन आला. तिने मला मावशी म्हटलं नाही.

तुझ्या फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं, दोनदा काढलं, आणि मग तुकडा काढून तपासला, हे तिच्याकडून कळलं. म्हणजे मी फेब्रुवारीत तुला उपदेश करत होते तेव्हा तुला जिना चढवत नव्हता. आणि तू मला तंतू लिहून पाठवलेस. तिथल्या डॉक्टरने धुळीचं विचारलं, तुला डांगऱ्या आठवल्या, लेक तुला हाताला धरून तुमच्याकडच्या भरपाई कार्यालयात घेऊन गेली. खिडकीमागच्या माणसाने यांचं नाव शोधलं आणि सांगितलं, "या कामगाराच्या घरातली कपडे धुणारी व्यक्ती आधीच नोंदलेली आहे." तुम्ही विचारलंत, कोण? त्याने माझं नाव वाचलं.

लेक म्हणाली, "आई जिन्यापर्यंत आली आणि हसायला लागली. हसता हसता इतकी खोकली, की लोकांनी पाणी आणलं." मग म्हणाली, "तुम्ही आयुष्यात एक डांगरी धुतली आहे का हो?"

मी फोन ठेवला नाही. पण उत्तरही दिलं नाही. तुला देते.

ती तपासनीस मुलगी माझी विद्यार्थिनी निघाली. दारात मला बघून तिची पाठ आपोआप ताठ झाली. "बाई, तुम्ही? मी मागच्या बाकावर बसायचे." मला ती आठवली नाही, आठवली असं सांगितलं. हे आत झोपलेले होते. ती प्रश्न विचारत एकेक रकाना भरत होती, आणि मग म्हणाली, "घरी त्यांचे कामाचे कपडे कोण धुवायचं? तुम्हीच ना, बाई? शाळा सांभाळून?"

मी म्हटलं, "मग कोण येणार धुवायला?"

तिने लेखणी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाई, कमाल आहे तुमची. वर्गात तुम्ही नेहमी इस्त्रीच्या कपड्यांत असायचात. आम्हाला वाटायचं, घरी नोकरचाकर असतील."

तिथे मला सांगता आलं असतं की नोकर नव्हता, धाकटी बहीण होती. एकोणीस वर्षांची, शिकायला आलेली. एका वाक्याचं काम होतं. पण माझ्याकडे कोणी तसं बघून फार दिवस झाले होते, आणि मी गप्प राहिले. तिने माझं नाव लिहिलं.

कामगारामागे घरातली एकच व्यक्ती धरतात, हा नियम मला तेव्हा माहीत नव्हता. तो नंतर मंजुरीच्या कागदाबरोबर आला. हे वाक्य इथेच सोडलं असतं तर तुला खरं वाटलं असतं, पण सोडत नाही: पहिलं पत्र तुला लिहिलं तेव्हा तो कागद माझ्यासमोर टेबलावर होता. मनात हिशेब असा, की तुझा फोटो स्वच्छ आला तर कोणाला काही सांगायला नको.

आता पुढचं. नोंद दुरुस्त करता येते. पण मी चौकशी केली आहे, खोटी माहिती निघाली की यांची सगळी फाईल पुन्हा उघडतात. तोवर मशीन काढून नेऊ शकतात. ते बंद केलं की यांचे ओठ जांभळे पडतात, हे मी वीज गेली तेव्हा पाहिलं आहे. तेव्हा जरा थांबशील का? तुझ्या इलाजाला मी माझ्या पेन्शनमधून पाठवते. आजच मनीऑर्डर केली आहे.

कोणासाठी कोणाला थांबवते आहे, हे मला कळतं. तरी विचारते.

ताई

१३ एप्रिल

धाकटीस,

मनीऑर्डर परत आली. "घेण्यास नकार," असा शेरा आहे.

बरोबर तुझं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. "ताई, गॅलरीचं दार कोण लावायचं, तेवढं सांग."

नोंदीचं नाही, पैशाचं नाही, दाराचं विचारतेस. कुठलं दार, कुठल्या जन्मातलं. तो फ्लॅट आता पाडलासुद्धा. मी तुला लिहिलं होतं की वाऱ्याने लागायचं.

यांना आज ताप आहे. पुढे लिहिते.

ताई

४ मे

धाकटे,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिते आहे, आणि आता फाडायला कागद नाही.

दार मी लावायची.

आधी गॅलरीच्या खिडक्या बंद करायला लावल्या. खालच्या मजल्यावरची बाई ओरडायची, "अहो शाळावाल्या बाई, माझ्या धुतलेल्या चादरींवर पीठ पडतंय." मी तुला म्हटलं, खिडक्या लावून झटकत जा. मग धूळ स्वयंपाकघरात येऊ लागली आणि बाळ खोकायला लागलं. तेव्हा मी दार लावलं. नुसतं लोटलं तर ते उघडायचं, म्हणून आतून कडी घातली. त्या खोक्याएवढ्या गॅलरीत तू, बादली आणि ती धूळ. कधी काचेवर बोटाने चित्रं काढलेली दिसायची. यांचं नाक, माझा चष्मा. मी ती ओल्या फडक्याने पुसून टाकायची.

धूळ बाळाला बाधते एवढं मला कळलं होतं. विज्ञान शिकवत होते. तिचं नाव नसेल माहीत, पण ती छातीत जाते हे कळलं होतं, आणि ते कळल्यावर मी कडी घातली. कडीच्या कोणत्या बाजूला कोण आहे, ते मला दिसत होतं.

झालं की तू दार वाजवायचीस. मी टेबलाशी वह्या तपासत असायची. हातातली वही पुरी करून उठायची. कधी दोन. तू वाजवत राहायचीस, मग थांबायचीस. एकदा आतून म्हणालीस, "ताई, मलाही इथेच वाळत घातलंय असं समज." मी हसले आणि तिसरी वही उघडली.

"काही दिवस" असंही मी लिहिलं होतं. तू आलीस त्याच वर्षी यांची करवतीवर बदली झाली आणि तू गेलीस त्याच वर्षी कारखान्याने धुलाईची सोय केली. मधला सगळा काळ तुझा. मी एकही धुतली नाही. तुझ्या लेकीला सांग.

आणि नापास झालेला दिवस. तुला म्हणाले होते, डोकं चालत नाही तर निदान हात तरी चालव. तू उलट बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी डांगऱ्या झटकल्यास, धुतल्यास, पिळून वाळत घातल्यास आणि मग पिशवी उचलून गेलीस. तुझ्यानंतर मी त्या दोरीवरून काढल्या, तेव्हा त्या अजून ओल्या होत्या. लोकांना मी सांगत आले की माझ्या बहिणीला अभ्यासाचा कंटाळा, म्हणून गेली.

आता झालं ते सांगते. लाजेची गोष्ट हळू आवाजात सांगायची असते, पण यांना हळू ऐकू येत नाही. मी पलंगाशी बसून म्हटलं, "अहो, कपडे मी धुवायची असं मी कार्यालयात सांगितलंय." हे म्हणाले, "काय धुवायचं?" मी आवाज चढवला. "मी खोटं सांगितलंय." "कोणी?" शेवटी मशीनच्या आवाजाच्या वर ओरडून सांगावं लागलं. समोरच्या खिडकीत शेजारीण फडकं हातात धरून उभी राहिली. तिने सगळं ऐकलं असणार. ऐकू दे.

यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. म्हणाले, "तू धुतलेस? तू माझी डांगरी चिमट्याने उचलायचीस."

मी म्हटलं, सांगायला गेले तर मशीन नेतील कदाचित.

"नेऊ देत. झोपू कुठे देतं ते." मग म्हणाले, "त्या पोरीला आधी सांगितलंस का?"

संध्याकाळपर्यंत हे भिंतीकडे तोंड करून होते. मी औषध दिलं ते घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही. एवढ्या वर्षांत यांनी मला आवाज न चढवता केलेली ही एकच शिक्षा.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला यांच्याजवळ बसवून कार्यालयात गेले. माझ्या विद्यार्थिनीने खुर्ची दिली, पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. मी सांगितलं. तिचा चेहरा लगेच बदलला नाही, आधी तिने दार लोटलं. मग हळूच म्हणाली, "बाई, वयाप्रमाणे विसरायला होतं. मी 'विस्मरणाने चुकीची माहिती' असं लिहिते. तुम्हाला त्रास नाही, फाईलला धक्का नाही."

मोह झाला. मी विचारलं, "तसं लिहिलं तर माझ्या बहिणीचा अर्ज मंजूर होईल?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं; बहुधा मीच शिकवलं असेल. म्हणाली, "नाही ना, बाई. विसरणाऱ्या माणसाची साक्ष कशी धरतील? तेव्हा तुम्ही विसरला होतात, तर आत्ता आठवतंय ते खरं कशावरून, असं विचारतील. त्या काळी घरात दुसरं मोठं माणूस होतं का?"

हे होते, पण कामगाराची साक्ष चालत नाही. बाळ तेव्हा अगदी लहान होतं. म्हणजे मीच.

"मग 'जाणूनबुजून' लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं. मग माझ्यासमोर तिला ते नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. बाहेरच्या टेबलांवरचे दोघेतिघे वळून बघत होते. "अर्जदाराच्या पत्नीने जाणूनबुजून खोटी माहिती दिली." वाचताना तिने मला एकदाही बाई म्हटलं नाही. निघताना मी मागे वळले, तर ती पंखा पुन्हा स्वतःकडे फिरवत होती. फिरवायलाच हवा होता, तिलाही उकडत असणार.

दरमहाची रक्कम थांबली आहे. मशीन डॉक्टरांच्या शब्दावर सध्या इथेच आहे. तुझ्या अर्जाची सुनावणी इथल्या कार्यालयात होईल, तुला बोलावणं येईल. दाराबद्दल त्या कागदात रकाना नव्हता, म्हणून ते मी तिथे सांगितलं नाही. रकाना नाही हे बघून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

क्षमा मागत नाही. तू दिलीस तर मला ती कुठे ठेवावी कळणार नाही.

तुझी ताई

१९ मे

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "येईन. तुझ्याकडे उतरणार नाही. लेकीची मैत्रीण आहे तिथे." ठीक आहे. कार्यालयाला लिफ्ट आहे, पण ती मागच्या बाजूने आहे. पुढचा जिना चढू नकोस. पाण्याची बाटली जवळ ठेव. तिथे माठाला पेला नसतो.

ताई

२७ जून

धाकटे,

सुनावणीच्या दिवशी आपण पाच वाक्यं बोललो असू. म्हणून हे लिहिते.

तुला लिफ्टमधून येताना बघितलं आणि मला आधी तुझी लेकच तू वाटलीस, तिच्याबरोबर कोणी म्हातारी बाई आहे असं वाटलं. मी उठून उभी राहिले. तू म्हणालीस, "बस, ताई. शाळा सुटलीय." लेक दुसरीकडे बघत होती.

तुला आत बोलावलं आणि शिपायाने दार लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी बाहेर बाकावर बसले. आत तुझा खोकला ऐकू येत होता. एकदा फार वेळ आला. मी उठून दारापर्यंत गेले, हात उचलला आणि पुन्हा बाकावर येऊन बसले. वाजवायचा हक्क नव्हता. लेकीने ते बघितलं. थोड्या वेळाने तिने तिच्या बाटलीतलं पाणी मला पुढे केलं. "घ्या, मावशी," म्हणाली. मावशी म्हटलं तिने.

बाहेर आलीस तेव्हा तुला चप्पल घालायला वाकता येत नव्हतं. पिशवी माझ्या हातात दिलीस आणि लेकीचा खांदा धरलास. मी विचारलं, "काय विचारलं?" तू म्हणालीस, "अभ्यासक्रमाबाहेरचं काही नाही." मग बसथांब्यापर्यंत पिशवी मीच धरली, तू मागितली नाहीस. बसमध्ये चढताना म्हणालीस, "भावोजींना सांग, नक्कल अजून येते." घरी येऊन मी ते ओरडून सांगितलं. हे इतके हसले की मशीनची नळी निसटली. त्यानंतर माझ्याकडे बघून बोलायला लागले.

हे सगळं चांगलं झालं. पण काल तुझ्या जबाबाची प्रत माझ्याकडे आली. ज्यांचा संबंध आहे त्यांना पाठवतात. त्यात असं आहे:

"प्रश्न: कपडे झटकत होतात ती जागा बंद होती की उघडी? उत्तर: गॅलरी होती, मोकळी. प्रश्न: गॅलरीचं दार? उत्तर: वाऱ्याने लागायचं. प्रश्न: कोणी मुद्दाम बंद करत असे का? उत्तर: नाही. माझी बहीण तेव्हा वह्या तपासत असायची."

मी ते उभ्याने वाचलं आणि मग बसले.

ते वाक्य माझं आहे. फेब्रुवारीतल्या पत्रातलं, जसंच्या तसं. मे महिन्यात मी तुला खरं लिहिल्यानंतर तू ते उचललंस आणि सरकारी कागदावर नेऊन ठेवलंस, माझी आणखी शोभा होऊ नये म्हणून. मी आयुष्यभर एकाही पोराला दुसऱ्याचं उत्तर उतरवू दिलं नाही. तू माझं उतरवलंस, आणि तेही चुकीचं.

तुला माहीत असेल-नसेल, कार्यालयात याचा फरक पडतो. मी विचारून आले. उघड्या जागेत झटकलेल्या कपड्यांना दुसरी श्रेणी लागते. औषधं मिळतात आणि बाकी काही नाही. बंद जागेला पहिली. तीत दरमहा रक्कम आहे, आणि लागेल तेव्हा यांच्यासारखं मशीन. तुला ते लागणार आहे, हे मी त्या बाकावर बसून ऐकलं आहे. माझी अब्रू राखायला तू तुझा श्वास देऊ केलास. गॅलरीतही तू हेच करत होतीस, आणि तेव्हाही मी देऊ दिलं. या वेळी देऊ देणार नाही.

जबाबावर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. मी आज लिहिली आहे. वाच:

"गॅलरीत वारा नव्हता. खिडक्या माझ्या सांगण्यावरून बंद असत. दार मी आतून कडी घालून बंद करत असे, कारण धुळीने माझ्या मुलाला खोकला येई. माझी बहीण आत कोंडलेली असे. ती दार वाजवी तेव्हा मला ऐकू येत असे."

उद्या सकाळी कार्यालय उघडताच नेऊन देते. माझ्या विद्यार्थिनीला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. मी तिला सांगणार आहे की दार लोटू नकोस.

तुझी परवानगी मी मागत नाही. तुला हे आवडणार नाही आणि तू चिडशील. तेव्हा पोस्टकार्डावर टोमणे लिहीत बसू नकोस. इथे, माझ्या घरी ये आणि समोर उभी राहून भांड.

ताई